भिंतीतला मणी

बंद घरात कुणी घोरावं तसा आवाज आला आणि अवधूत उंबऱ्यातच थबकला. खरं म्हणजे या वेळी तो घरी यायचाच नव्हता. बिल्डर ऐन वेळी कोल्हापूरला निघून गेला, ठरलेली बैठक बोंबलली आणि अवधूत विश्रामबागेतून भर दुपारी स्कूटर हाणत परत आला. दुपारची आई झोपते, म्हणून आपल्या किल्लीनं त्यानं दार हळूच उघडलं. घर निपचित होतं. फक्त त्याच्या खोलीतून पंखा भन्नाट सुटल्याचा आवाज येत होता. छताचा नव्हे, कॉम्प्युटरचा. आता गंमत अशी, की कॉम्प्युटर सकाळपासून नुसता चालू ठेवलेला होता, त्याला काडीचं काम दिलेलं नव्हतं. अवधूतनं चप्पल न काढताच आत जाऊन कॉम्प्युटरला जोडलेल्या पाण्याच्या टाकीला हात लावून पाहिला. टाकी माठासारखी गार. यंत्र गार, पाणी गार आणि पंखा मात्र अंगात आल्यासारखा फिरतोय. हे काय लचांड, असं मनाशी म्हणत तो वाकून बघतोय, तोवर स्वयंपाकघराचं दार किलकिलं झालं आणि आई पदराला हात पुशीत बाहेर आली. "तू कसा रे आलास?" असं तिनं विचारलं. 'कधी आलास' नव्हे, 'कसा'. "तू झोपली नव्हतीस?" त्यानं विचारलं. "पाणी प्यायला उठले होते," आई म्हणाली आणि लगबगीनं बाहेरच्या खोलीत जाऊन चटईवर आडवी झाली. अवधूतचं लक्ष तिच्याकडं नव्हतंच. कारण तेवढ्यात पंखा हळूहळू खाली उतरत गेला आणि शेवटी मुकाट झाला.

हे यंत्र त्याचं स्वतःचं होतं आणि त्याचा त्याला गर्व होता, तो का लपवा! सांगलीत तेव्हा कॉम्प्युटर पुष्कळ झाले होते, हळदीच्या अडत्यांच्या पेढीवरसुद्धा एकेक आला होता. पण पाण्यानं गार होणारा हा एकच असावा, अशी अवधूतची खात्री होती. त्याचा धंदा न बांधलेल्या इमारतींची चालती चित्रं करण्याचा. अजून जिथं ऊस डोलतोय, तिथल्या फ्लॅटमधून गिऱ्हाइकाला पडद्यावर फिरवून आणायचं; हा दिवाणखाना, ही बाल्कनी, हे स्वयंपाकघर, हा ओटा. एकेक चित्र काढायला प्रोसेसर घामाघूम व्हायचा. महागडा घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून अवधूतनं स्वस्तातला आणून त्याला कंपनीनं ठरवलेल्या वेगापेक्षा दीडपट पळवला. पळवला की तो तापणार, तापला की बसणार. मग मासे पाळतात त्या टाकीतला पंप आणला, तांब्याची नळी वाकवली, इस्लामपूरच्या वीरधवलनं एका मोडीत निघालेल्या जीपमधला हीटरचा छोटा रेडिएटर काढून दिला, बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वॉटर भरलं. प्रोसेसरची उष्णता पाण्यानं घ्यायची, पाण्यानं ती रेडिएटरला द्यायची आणि रेडिएटरला वारा घालायला पंखा. नाकापेक्षा मोती जड, असं आई म्हणाली होती, आणि ते खोटं नव्हतं. पण सगळ्यात नामी होता तो मणी. उडदाएवढा, काळा, दोन तारांच्या टोकाला. तो प्रोसेसरकडून येणाऱ्या नळीला दोऱ्यानं घट्ट बांधलेला. नळी तापली की मणी तापायचा, मणी तापला की अवधूतनं जुळवलेलं सर्किट पंख्याला जोर द्यायचं, मणी निवला की पंखा निवायचा. कुणी सांगायला नको, कुणी बटण फिरवायला नको. आणि आता या सोन्यासारख्या व्यवस्थेत कुठंतरी माशी शिंकली होती.

नुसता दुपारी उगाच पळाला असता, तरी एक वेळ चाललं असतं. पण दसऱ्यानंतर आणखी एक कळ सुरू झाली होती. जेवणं उरकून अवधूत चित्रं काढायला लावायचा, तेव्हा जिथं पंख्यानं जीव तोडून फिरायला हवं, तिथं तो सासरी आलेल्या जावयासारखा बसून राहायचा. टाकीतलं पाणी कोमट व्हायचं, मग चांगलंच ऊन, आणि दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात वळता वळता पडदा गोठायचा. बिल्डरचे फ्लॅट दिवाळीच्या मुहूर्तावर बुक व्हायचे होते आणि अवधूतचं चित्र ओट्यापाशीच अडून बसलं होतं. दर वेळी तिथंच. त्याला एकदा वाटूनही गेलं, की या स्वयंपाकघरातच काहीतरी आहे. मग स्वतःचंच हसू आलं.

पण हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं, कारण या पंख्यावर त्यानं भलतंच काही टांगून ठेवलं होतं. नवरात्राच्या आधी बेंगलोरच्या एका कंपनीचा फोन आला होता. येता का, दिवाळीच्या आत कळवा. फोन आईनं उचलला, पलीकडची बाई इंग्रजीत बोलतेय असं कळल्यावर त्याच्या हाती दिला आणि शेंगा निवडत तिथंच बसून राहिली. अवधूत सगळं इंग्रजीत बोलला. "कोण रे?" "प्रिंटरवाले," तो म्हणाला. आईनं पुन्हा विचारलं नाही. आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात भुंगा लागला. नोकरी चांगली होती. इथं सगळं आपल्या हातचं, पण उद्याचा भरवसा नाही. आणि आई? बाबा जाऊन तीन वर्षं होत आली. तिला एकटीला सांगलीत ठेवायचं? साताऱ्याला वल्लरीताईकडं धाडायचं? लेकीच्या घरी ती चार दिवसांवर पाचवा दिवस राहत नाही. बेंगलोरला नेलं, तर तिथं ती दिवसभर कुणाशी बोलेल? आजोबांना म्हणे काही ठरवता आलं नाही, की ते औंधला यमाईपुढं जाऊन बसायचे. अवधूतनं कौल लावला तो पंख्याला. यंत्र सुधारलं, काम वेळेत गेलं, तर पुढची कामं मिळतील, मग इथंच राहायचं. नाही सुधारलं, तर बेंगलोर. बाप्या माणसाला स्वतः ठरवायचं नसलं, की तो अशी काहीतरी शक्कल काढतो.

रविवारी वीरधवल आला. लष्करात गाड्या दुरुस्त करून आता इस्लामपुरात गॅरेज घातलेला, अवधूतच्या डिप्लोमाच्या वर्गातला. बुलेट फाटकात लावून तो आत शिरला आणि कॅबिनेटचं उघडं पोट बघून म्हणाला, "आरं गड्या, ही मशीन न्हाई, म्हस हाय म्हस. पानी पाजायचं, वारा घालायचा, आन् तरीबी हिचं त्वांड वाकडंच!" अवधूतनं चित्र काढायला लावलं. पंखा नेहमीसारखा रेंगाळला. वीरधवलनं नळीला कान लावला, डोळे मिटले, डॉक्टरासारखा गंभीर झाला. "हवा धरलीया. लडाखला आमच्या जीपांस्नी ह्योच रोग व्हायचा. लय डोस्कं लावू नगंस. हवा काढली की झालं." आणि आत वळून ओरडला, "आवं काकी, चा टाका की वाईच! त्याबिगार ही म्हस हलायची न्हाई." आईचा हसण्याचा आवाज आला, भांडं वाजलं. वीरधवल नळी दाबतोय, सोडतोय, रेडिएटर उचलून तिरका करतोय, टिचक्या मारतोय, आणि काय आश्चर्य! पंखा जागा झाला. बघता बघता सूं सूं करत पूर्ण जोरात सुटला. "बग! निगाली का न्हाई हवा?" वीरधवलनं मांडीवर थाप मारली. अवधूतला इतका आनंद झाला, की त्यानं त्याला मिठीच मारायची बाकी ठेवली. आई चहा घेऊन आली, तिलाही त्यानं आवाज ऐकवला. तिघं तिथंच उभ्यानं चहा प्याले. वीरधवल बुलेटला किक मारून गेला आणि त्याची फटफट गल्लीच्या तोंडाशी विरते न विरते, तोवर पंखा पुन्हा खाली बसला. कशात काय न् फाटक्यात पाय. अवधूत पंख्याकडं बघत खुर्चीत बसून राहिला. पण त्याला राग आला नव्हता. राग यायच्या जागी त्याला विलक्षण कुतूहल वाटायला लागलं होतं. हे बिघडलेलं यंत्र नाही, असं त्याच्या मनानं घेतलं. बिघडलेलं यंत्र बंद पडतं किंवा उतमात करतं. हा पंखा कशाचं तरी ऐकत होता. फक्त प्रोसेसरचं नव्हे.

मग तो त्या आवाजाच्या नादीच लागला. पहाटे अर्धवट झोपेत असताना पंखा वर चढायचा आणि थोड्या वेळानं उतरायचा. सकाळी तो काम करत असताना कसा शहाण्यासारखा फिरायचा, ती एकच वेळ बरोबर. दुपारी पुन्हा अवेळी सुटायचा. संध्याकाळी दिवेलागणीनंतर जोरात, आणि जेवणं झाली की मेलेला. अवधूतनं पंखा सोडवून त्यातली पिवळी धूळ झटकली, कारण सांगलीत कुठल्याही यंत्राच्या पोटात हळद जाऊन बसतेच. तेल घातलं. सर्किटवरची पितळी कळ पेचकसानं इकडं तिकडं फिरवली. तो घरातून येताजाता कान टवकारायचा, अंघोळ करतानासुद्धा तांब्या थांबवून ऐकायचा. बाबा असेच रेडिओला कान लावून बसायचे. ही खोली तेव्हा बाबांची. मोठा रेडिओ इथं, टेबलावर, आणि आई दिवसभर आत. साताऱ्याला शनिवार पेठेत तिचं माहेर म्हणजे सकाळ-संध्याकाळ पंगतच. ती तिथून आली तीच मुळी परातभर कणीक मळायचा हात घेऊन. सांगलीत संसार तिघाचौघांचा, पण मिरजेच्या दवाखान्यांत ज्याचं कुणाचं ऑपरेशन असेल, तो नातेवाईक या घरी उतरायचा. पेशंट तिकडं, मंडळी इकडं. आईनं कधी मोजून मापून काही शिजवलं नाही. तिला बाहेर येऊन गाणी ऐकायला सवड व्हायची नाही, म्हणून बाबांनी एका दसऱ्याला छिन्नी-हातोडा घेऊन भिंतीला आरपार भोक पाडलं, त्यातून तार नेली आणि ओट्याच्या बाजूला छोटा स्पीकर लावला. आई लाजली होती. "शेजारी काय म्हणतील," असं म्हणाली आणि दिवसभर तिनं तो बंद करू दिला नव्हता. पुढं टीव्ही आला, स्पीकर माळ्यावर गेला, भोकात वर्तमानपत्राचा बोळा बसला. हे सगळं आत्ता का आठवतंय, ते अवधूतला कळेना. जेवायला बसल्यावर त्यानं पाहिलं, तर पानात पुन्हा फोडणीचा भात. दसऱ्यापासून रोज रात्री फोडणीचा भात. "दुपारचा इतका कसा उरतो गं?" त्यानं विचारलं. "हाताला सवय आहे रे," आई म्हणाली आणि दही वाढायला वाकली.

दुसऱ्या दिवशी त्यानं कुठं जायचंच नाही असं ठरवलं. दुपारी जेवण झालं, खोलीचं दार लोटून घेतलं, आईला वाटलं झोपला. यंत्र नुसतं चालू. अवधूत टेबलापाशी जमिनीवर फतकल मारून बसला. बराच वेळ काही नाही. मग पंखा चढायला लागला. त्यानं चटकन सर्किटपाशी मण्याची तार उपटली. पंखा थंडावला. पुन्हा लावली. पंखा उसळला. म्हणजे गरम आहे, असं सांगणारा मणीच होता. मग त्यानं नळीला हात लावला, बरोबर तिथं, जिथं मणी बांधलेला होता. नळी गार. मणी गरम म्हणतोय आणि नळी गार आहे! अवधूतला मजा वाटत होती, भीतीही. नळीवरची गाठ तो रोज बघत होता, तिच्याखाली मणी आहे, असं रोज धरून चालला होता. आज त्यानं ती नीट पाहिली. हा त्याचा काळा दोरा नव्हताच. हा लाल-पिवळा नाडा होता आणि त्यावर कुंकवाचा वाळका ठिपका. खंडेनवमी! तो कामाला बाहेर गेलेला आणि संध्याकाळी आई म्हणाली होती, "तुझ्या यंत्रालाही हळदकुंकू वाहिलं बरं का. कळकट दोरा होता तो सोडला आणि नवा नाडा बांधला. वायरी किती रे लोंबतात, जरा आवरून ठेवाव्यात." तो हसला होता आणि विसरून गेला होता. त्यानं नाडा सरकवला. खाली काही नव्हतं, नुसतं तांबं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! तारेवर बोट ठेवून तो मागं मागं गेला. टेबलाच्या मागून, वायरींच्या व्यवस्थित बांधलेल्या जुडीतून, भिंतीपर्यंत. तार बाबांच्या भोकात शिरली होती. बोळा साफसफाईत निघाला असणार, आणि लोंबणारं ते टोक आईनं नीटनेटकं आत खोचून दिलेलं.

अवधूतनं तार ओढली. मणी बाहेर आला, तो बोटाला चटका देत. पलीकडं, भोकाच्या तोंडाशी, गॅसची शेगडी होती. एका क्षणात सगळ्याचा उलगडा झाला: पहाटेचा चहा, सकाळचा स्वयंपाक, वीरधवलची हवा. त्याला मोठ्यानं हसावंसं वाटलं. आईला हाक मारून सांगावं, म्हणून तोंडही उघडलं. आणि मग त्याच्या लक्षात आलं, की आत्ता दुपार आहे. आपण दोघंही मघाशीच जेवलो आहोत. झोपलेल्या घरात शेगडी कशाला पेटली?

भोकाला त्यानं डोळा लावला. निळी ज्योत, तिच्यावर जर्मनचं एक छोटं पातेलं, ज्यात त्याच्या लहानपणी त्याचं दूध तापायचं. त्यात पाण्याला आधण आलेलं. बाजूला ताटलीत धुतलेले तांदूळ आणि आईचा हात. हातानं मूठ घेतली, थबकला, त्यातले थोडे परत ताटलीत सोडले. पुन्हा थोडे उचलले. मग आईचा आवाज आला, हळू, स्वतःलाच नावानं हाक मारून रागावल्यासारखा. "गोदे, अगं एकटीला केवढा लागतो? परत तेच! काल एवढ्याचाच चौघांना पुरेलसा झाला. तो बेंगलोरला गेल्यावर हे कुणाच्या घशात घालणार आहेस?" हात पुन्हा थांबला. "साताऱ्याला जाऊन लेकीच्या दारात बसण्यापेक्षा हे बरं. शीक आता," असं म्हणून तिनं मुठीतले आणखी काही दाणे परत टाकले.

अवधूत भिंतीला पाठ टेकून बसला. मणी त्याच्या मुठीत निवत होता आणि पंखा हळूहळू उतरत होता. प्रिंटरवाले! शेंगा निवडता निवडता आईनं सगळं ऐकलं होतं. इंग्रजी तिला येत नसेल, गावाचं नाव तर कळतं, आणि मुलाचा आवाज तर कळतोच कळतो. त्याला रडू आलं, आणि लगेच हसूही आलं, कारण एकटीचा भात जमत नाही म्हणून चोरून सराव करणारी बाई त्यानं तरी दुसरी पाहिली नव्हती. रोज रात्री त्यानं तिच्या चुका फोडणी घालून खाल्ल्या होत्या, वर दही घेतलं होतं. इतके दिवस एवढे कान देऊन त्यानं पंखा ऐकला, यंत्राला पन्नास प्रश्न विचारले, आईला जेमतेम दोन विचारले आणि त्यांची उत्तरं नीट ऐकलीही नाहीत. उठून आत जावं, असं त्याच्या मनात फार आलं. पण ती दचकली असती, पदराला हात पुसले असते आणि पाणी प्यायला उठले म्हणाली असती. तो गेला नाही.

त्यानं मणी नळीवर ठेवला आणि आईचाच नाडा वरून घट्ट आवळला. संध्याकाळी चित्र काढायला लावलं. पाणी तापेल तसा पंखा चढला, निवेल तसा उतरला, आणि इमारतीतली ती फेरी दिवाणखान्यातून निघून ओट्याला वळसा घालून बाल्कनीत पोचली. काम बिल्डरला पोचलं, त्यानं लगेच दुसऱ्या इमारतीचे नकाशे हातात ठेवले. कौल मिळाला होता. फक्त आता दुपारी खोलीत बसलं, की पंखा गप्प असायचा आणि भिंतीपलीकडं काय चाललंय, ते अवधूतला काही कळायचं नाही. बेंगलोरला तर भिंतसुद्धा नसेल, असं एकदा त्याच्या मनात आलं. आपण जायचं नाही. आज जेवताना आईला सांगून टाकायचं, की ती कंपनी, तो फोन, सगळं मी सोडून दिलं. हे ठरलं तसं त्याला इतकं हलकं वाटलं, की संध्याकाळी घरी येताना त्यानं गणपती पेठेतून अर्धा किलो पेढे बांधून घेतले.

तो पाटावर बसला. आईनं पान वाढलं. वांग्याची भाजी, पोळी, दाण्याची चटणी. पेढ्यांचा पुडा अजून त्याच्या मांडीशीच होता. त्यानं पानाकडं पाहिलं, मग ओट्याकडं. कढई पालथी घातलेली होती.

"फोडणीचा भात नाही?"

"आज उरलाच नाही," आई म्हणाली.

तिनं मान वर केली. शाळेत पहिल्यांदा गणित बरोबर सुटलेल्या मुलीसारखा तिचा चेहरा झाला होता. तो अभिमान तिला लपवता येत नव्हता, आणि लपवायचाही नव्हता बहुधा. अवधूतनं बोलायला तोंड उघडलं. मी जात नाही, एवढे तीनच शब्द होते. पण ते आता हिला सांगायचे म्हणजे त्या पातेल्यात पुन्हा मूठभर तांदूळ ओतण्यासारखं होतं. पंख्याच्या कौलाला इथं कोण विचारतो? हिनं स्वतः ठरवलं होतं, स्वतः शिकली होती, आणि यंत्राआड लपला होता तो आपणच.

"कधी निघायचंय तुला?" आईनं विचारलं, पोळीला तूप लावता लावता.

"दिवाळी झाली की," तो म्हणाला. आणि पेढ्यांचा पुडा त्यानं तिच्यापुढं सरकवला.

आईनं पुडा उघडला, एक पेढा देवापुढं ठेवायला बाजूला काढला आणि बोटांवर हिशेब करायला लागली. "मग चकल्या जरा जास्तच टाकते. आणि दोन डबे चिवडा. तिथं तुझ्या खोलीवर चार पोरं असतीलच की," ती म्हणाली. "त्यांना काय नुसतं बघत बसवायचं का?"